सहावा रकाना

वहीच्या मधल्या पानावर मी पाच रकाने आखले.
पट्टी सापडली नाही, म्हणून कंपासपेटीच्या झाकणानं.

चाकं : प्रज्योत.
तारा : आचल कोवे, तिचा हात थरथरत नाही.
कोडिंग : सुफियान, कारण त्याच्या मामाचं
घाटंजीला झेरॉक्सचं दुकान, माऊस आधी धरलेला.
बॅटरी : मंगेश राठोड. फवारणीच्या पंपातली काढून आणली,
"रविवारपर्यंतच हां. सोमवारी बाबाले तूर फवाराची हाय."
लीडर : मी.
हे सगळ्यात शेवटी लिहिलं, सगळ्यात बारीक.
ठरवलं मात्र सगळ्यात आधी होतं.

मग देवकन्या दारात उभी. "मी बी."
पान संपलेलं.
समासात आडवं लिहिलं, देवकन्या : इतर.

इतर म्हणजे काय, तिनं विचारलं नाही.
चिकटपट्टी कापली, सांडलेले स्क्रू वेचले,
लाईट गेली की मोबाईलचा टॉर्च धरून उभी राहिली,
आणि लॅपटॉपवरून आचल सुफियानवर ओरडली,
"काऊन रे, तुया एकट्याचा हाय काय?"
तेव्हा दोघांच्या मधून पाण्याची बाटली नेली.

गाडी डावीकडेच जायची.
काळी पट्टी सोडून सरळ दाराकडे,
जशी तिलाच मधली सुट्टी पाहिजे.
प्रज्योत म्हणे, कोडिंग.
सुफियान म्हणे, तारा.
आचल म्हणे, बॅटरीच उतरली.
मंगेश काही म्हणेना, बॅटरी पोटाशी धरून बसला.
मी वही उघडली.
चूक कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

देवकन्या फरशीवर गाल टेकून पडली होती.
तास झाला असेल. आम्हाला वाटलं, झोपली.
"डावं चाक लहान हाय," तशीच पडल्या पडल्या म्हणाली,
"केसभर. वेणीचा एक पेड ढिल्ला रायला
तं वेणी तिकडंच वळते नं."
उठली. खिशातून गोधडीचा दोरा काढला,
चाकाला सात वेढे दिले,
एक उलगडला,
दातानं तोडला.

यवतमाळला आम्ही अकरावे आलो. एकोणीस शाळांत.
परीक्षक बाईंनी विचारलं, कोणी काय केलं?
मी वहीतून वाचू लागले, पाचही नावं घडाघडा,
आणि समासापाशी आले तर
अक्षर घामानं फुटलेलं,
'इतर' वाचता येत होतं, नाव नाही.
ती माझ्याकडे पाहत नव्हती. चाकाकडे पाहत होती.
दोरा सैल झाला होता.
मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं. थोडं जास्तच मोठ्यानं.
बाईंनी लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

सोमवारी शाळेत जाताना
मंगेशचे बाबा तुरीत दिसले, पाठीवर पंप,
आमची बॅटरी घरघरत होती.
दोन तासांच्या मधून चालले होते
एका ओळीत,
जराही डावीकडे न जाता.
देवकन्या थांबून बघत राहिली.
"बराबर चालून रायले," म्हणाली,
आणि माझ्याकडे वही मागितली.
मी दिली. पेन तिच्याकडे होता.