तूट

आबांच्या पेटीत निळी मखमल होती,
मखमलीत खळगे, प्रत्येकात एक पितळी वजन.
चिमट्यानेच उचलायचं. बोट लावलं की ओरडायचे,
"घामाला बी वजन असतंय, पोरी."

रंगराव चौगले, वजनमाप निरीक्षक.
लक्ष्मीपुरीत त्यांची सायकल दिसली
की बुडातून खरवडलेली मापं पोत्याखाली जायची.
मार्केट यार्डात गुळाचे रवे रांगेने बसलेले,
सौदा चढत चाललेला,
आणि आबा मध्येच काटा थांबवायचे.
हमाल वैतागायचे.
अडत्या पायगोंडा पाटील चहा सांगायचा,
आबा प्यायचे नाहीत.

सहावीत होते. विचारलं, तुमची वजनं कोण तपासतं?
"जिल्हा."
जिल्ह्याची?
"नागपूर. नागपूरची दिल्ली.
दिल्लीची लांब, पॅरिसला. तिथं एक ठोकळा हाय,
तीन काचेच्या हंड्यांखाली."
आणि त्याला कोण?
आबांनी पेटीचा खटका लावला.
"झोप. उद्या गंगावेशीत जायचंय."

मी त्याच प्रश्नावर पोट भरते.
दुसऱ्या मजल्यावर, गळक्या वर्गात, अकरा मुलं.
सांगते, वादाला बसायचं तर
आधी समोरच्याची बाजू मांडा, त्याच्याहून बरी.
पूर्वपक्ष लंगडा उभा केला
तर सिद्धान्तही लंगडत येतो.
तालमीत पोरंसोरं पाडून कुणी मैदान मारलंय?

सांगते, दिवेलागणीला रंकाळ्याच्या कडेला
काहीतरी उभं आहे. हलत नाही.
खांब वाटला तो घरी गेला.
माणूस वाटला तोही गेला.
ज्याला ठरवता आलं नाही
तेवढाच जवळ गेला.

मागच्या बाकावरून आस्मा मुजावर:
"मॅडम, सगळ्यावर शंका घ्यायची म्हणता,
मग ह्या म्हणण्यावर?"
तास संपायला बारा मिनिटं होती.
खडू खाली ठेवला.
बाराही मिनिटं आम्ही तिथंच होतो.

आबा निवृत्त झाल्यावर कधीतरी पेपरात आलं,
पॅरिसचा ठोकळा पेन्शनीत काढला.
शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या जुळ्या भावंडांत
धुळीच्या कणाएवढा फरक पडला होता.
कोण घटलं, कोण वाढलं, सांगता येईना.
सांगायला आणखी एक माप लागलं असतं.

आबांनी बातमी दोनदा वाचली.
आमटीत भाकरी भिजून विरघळली.
"मग मी सत्तावीस वर्षं दंड कशाचा केला?
गंगावेशीतली सुगंधाबाई, वांगी विकायची.
पन्नास रुपये. रडली हुती."
आबा, तिच्या मापात तीस ग्रॅम तूट होती,
ही नुसती धूळ आहे.
"धूळ का असंना."

पायगोंडा आला, बस्तीतून परस्पर,
कपाळाला गंध ओलं.
सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
"असंल बी. नसंल बी.
असंल आणि नसंल, दोन्ही बी असंल.
सांगताच येत नाही, असं बी असंल.
पर तू शिक्का मारायचास
आणि माझ्या दारात डोकी फुटायची न्हाईत.
एवढं हाय."

आबा हसले नाहीत.
"एवढं हाय," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं,
तळहातावर माप तोलावं तसं,
आणि निकाल न देताच कूस बदलली.

पेटी सरकारजमा झाली होती.
एक बाद झालेलं पितळी वजन तेवढं घरी राहिलं.
ते मी वर्गात टेबलावर ठेवते, कागद उडू नयेत म्हणून
(उडतातच, इतकं ते लहान).

परवा आस्माने ते उचललं, उघड्या बोटांनी.
माझ्या तोंडातून आबा ओरडणार होते.
"किती आहे हे?"
पन्नास ग्रॅम, मी म्हटलं,
असं त्यावर कोरलंय.