वजन, पिंजऱ्यासकट

तिबिलिसीच्या विमानतळावर त्सुगाला काट्यावर चढवलं:
बत्तीस किलो, पिंजऱ्यासकट.
कानातला पालिकेचा पिवळा बिल्ला
कारकुनाने दोनदा वाचला.
रस्त्यावरची होती का?
होती.
आता?
आता माझी.

व्हिसासाठी लमाराला
लग्न सिद्ध करावं लागलं होतं:
दोनशे फोटो, फोनची बिलं,
सासूचं सही केलेलं पत्र.
त्सुगाला एक लस, एक शिक्का.

पिंजऱ्यात तिने गोचाचा स्वेटर अंथरला,
तीन वर्षं न धुतलेला.
राहूनच गेला धुवायचा, असं ती शेजारणीला सांगायची.

कॅल्गरीत बर्फ.
गोचा दाढी काढून आलेला, हनुवटी अनोळखी,
हातातली फुलं कुठे ठेवावीत त्याला कळेना.
लमाराही जागची हलेना.

जाळीचं दार उघडलं.
त्सुगा आधी बाहेरच्या खांबापाशी गेली,
वीस तासांचं सगळं तिथे मोकळं केलं,
मग सावकाश येऊन
त्याच्या बुटांचा, गुडघ्यांचा, बाहीचा
नीट तपास केला

आणि बसली, त्याच्या पावलावर,
सगळं वजन टाकून.

तेव्हा कुठे लमाराने
मुठीत आवळलेली दोरी
त्याच्याकडे दिली.