पेटी नंबर चौदा

वहीच्या पहिल्या पानावर माझं अक्षर:
काजू बी, अडतीस किलो, भाव पडलेला.
त्याखाली दुर्वाचं:
पोलीस खुडुक बसली, अंडी नऊ.

पोलीस म्हणजे करड्या मानेची आमची कोंबडी,
परसात कुणाचंही मांजर आलं
की आडवी जाऊन चौकशी करणारी.
बसायला तिने जागा निवडली
आंब्याची पेटी, नंबर चौदा,
पेंढा मऊ, झाकण अर्धं,
बाहेरून ह्यांच्या हातचा शिक्का:
परुळे, हापूस, पाच डझन.

बसायला वेळ असलेली घरात ती एकटीच.
सहाला झेला घेऊन हे आणि भाई झाडावर,
खाली पोरं, देठाचा आंबा वेगळा, पडीचा वेगळा.
नऊनंतर रतांबे:
फोडा, बिया काढा, मीठ लावा,
खळ्यात पसरा, तिन्हीसांजेला उचला,
पुन्हा रसात बुडवा, पुन्हा पसरा.
महिनाभर आमचे हात
लग्नातल्या करवलीसारखे लाल.

कोल्हापूरहून वन्सं आल्या, दोन मुलांना घेऊन,
"चार दिवस नुसती लोळणार हं वहिनी" म्हणत.
दुसऱ्या दुपारी पदर खोचून, कोपरापर्यंत खोबरेल लावून
त्या फणस फोडत होत्या,
आणि त्यांचा शौनक, चपलेशिवाय अंगणात न उतरणारा,
अनवाणी गडग्यावरून उडी टाकत होता शेळीमागे.
तिच्या तोंडात त्याचं
परतीचं तिकीट.

पोरं रोज विचारायची, कोरजाईला कधी?
आम्ही म्हणायचो, उद्या.
उद्या वाशीची गाडी आली.
उद्या पंप बिघडला, बावीवरून कळश्या.
उद्या वासराचं पोट.
आमचा कोंबडा, सरपंच, तर
रात्री दोनलाच आरवायला लागला.
त्याला वाटलं असेल, आपणच उशीर करतोय.

मग एका बुधवारी, चार वाजता,
वन्संनी हातातलं सूप खाली ठेवलं.
"आज अवस. ओहोटी मोठी. चला."
कुणी काही बोललंच नाही.
टेम्पोत पेट्या होत्या तशाच, त्यांवर आम्ही,
रोवळ्या, भाकऱ्या, सुकटीची चटणी,
बाब्याच्या गळ्यात ट्यूब,
भाई हौद्यात उभे, मागे लाल धूळ.

तिसऱ्या पायांनी शोधायच्या असतात,
डोळ्यांनी नाही.
टाचेला गोल काही लागलं की वाकायचं.
शौनक पहिल्यांदा वाकून वर आला
तेव्हा मुठीत एक होती, घट्ट मिटलेली,
आणि तोही तसाच.

सूर्य पार खाली गेल्यावर
टेम्पोतून आवाज आला,
क्क. क्क.
चौदा नंबर.
पोलीस बसून होती पिसं फुगवून,
एवढे खड्डे, नऊ अंडी पोटाखाली,
आणि आमच्याकडे बघत होती
जणू रजेचा अर्ज न देता आलो आम्ही.

ह्यांनी पेटी उचलून वाळूत ठेवली
आणि वाऱ्याकडे पाठ करून तिच्या आड बसले.
मी टॉवेल टाकला.
दुर्वा म्हणाली, हळू बोला.
आठ माणसं, दिवसभर एकमेकांना
झाडावरून खळ्यात हाका मारणारी,
हळू बोललो तासभर.
काय बोललो ते वहीत नाही.

पुढच्या सोमवारी सात फुटली.
दोन राहिली. ती दुर्वाने माडाखाली पुरली
आणि खर्चात लिहिली.
जमेत: पिल्लं सात, तिसऱ्या तीन रोवळ्या,
सोलं बावीस किलो.

वन्सं गेल्या, नवं तिकीट काढून.
काल पेटीतला पेंढा काढला तर तळाशी
कोरजाईची वाळू, चहाच्या चमच्याएवढी.
ती कुठल्या बाजूला धरायची
भाईंना विचारायचंय, ते हिशोबाला पक्के.
पण ते छपरावर चढलेत
आणि खालून नळे द्यायला
मलाच हाका मारतायत.