खात, एक

इतवारी स्टेशन, खिडकी क्रमांक तीन.
काचेला खाली अर्धगोल भोक,
आणि कडाप्प्याला एक खळगा,
चिल्लर सरकवून सरकवून बोटांनीच पाडलेला.

नोटीस सोमवारी लागली. डिंक ओला होता,
माशा बसत होत्या.
वर 'प्रवाशांच्या सोयीसाठी', खाली तारीख.
मशीन त्याआधीच आलं होतं. त्याचं प्लास्टिक
अजून कोणी काढलेलं नाही,
गँगमनची पोट्टी त्यातले बुडबुडे फोडत बसतात.

फुलकाबाई दर शुक्रवारी येते,
वाळल्या मासोळ्यांचं टोपलं रिकामं करून.
"एक खात दे वं बाई."
खात, म्हणजे भंडारा रोडच्या अलीकडचं.
पॅसेंजर तेवढी थांबते.
मशीनपुढे उभी केली तिला एकदा.
शिकवणाऱ्या पोरानं विचारलं, आजी, कुठे?
खात, म्हणाली.
खात जा की, पण जायचं कुठे?
मी हसले. तीही हसली.
मग टोपलं उचलून माझ्या खिडकीशी आली.

बाबा, पुंडलिक बारसागडे, अजनी शेडचे फिटर.
चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात
क्वार्टरमधली भांडी शिपायांनी अंगणात मांडली,
पितळ इतकं तापलं की आईनं पदरानं धरून उचललं.
बाबा तांडापेठेत, एका कोष्ट्याच्या घरी,
मागाच्या खड्ड्यात.
वर झिबलकाका विणत राहायचे,
पोलीस दारात आले की पाय बाबांच्या खांद्यावर,
धोटा चालूच.
खाली बाबा शिटीला कान लावून,
ती येऊ नये म्हणून.
वीस दिवस.
मग आली. मालगाडी होती.
खड्ड्यातून निघाले तेव्हा गुडघे सरळ होईनात.
नोकरी परत मिळाली, सहा वर्षांनी.
गुडघे नाही.

आमची सभा शेडमागे झाली.
अठरा जण, त्यातले पाच रिटायर.
चहा तीस माणसांचा सांगितला होता.
ठराव: एक दिवस काम बंद.
मी हात वर केला, आणि तो तसाच ठेवून विचारलं,
बंद?
त्यांना बंदच तर पाहिजे आहे.
बाबा, तुम्ही थांबलात की चाक थांबायचं.
मी थांबले
तर कुलूप आणणाऱ्याची एक फेरी वाचते.

शेवटच्या दिवशी आठला पाळी संपली.
मी उठले नाही.
धांडे साहेब आले, घड्याळाकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.
सव्वाआठला प्रिंटरचा दिवा गेला,
कुठून तरी लांबून विझवलेला.
नवाला पंखा.
तिजोरीत कोऱ्या तिकिटांचं पुस्तक होतं,
लाईन गेली तर हातानं लिहायचं.
मी कार्बन घातला.
रांगेत सात माणसं, मग अकरा.
काहींना कुठेच जायचं नव्हतं,
ते कळमना मागत होते, पुढचंच स्टेशन,
पायी गेले तरी पोचतील.
कोणी तरी चिवड्याचा पुडा आत सरकवला.
"हा कोणता संप म्हणायचा?" धांडे साहेब.
मला नाव सुचलं नाही.

शुक्रवार नव्हता, तरी ती आली.
"एक खात दे."
आजी, गाडी गेली. आता सकाळी.
"गेली तं गेली. तिकीट तं राहते ना?"

लिहिलं. अक्षर बाबांसारखं उतरलं, उजवीकडे कललेलं.
इतवारी ते खात. एक. साधारण.
तारखेपाशी पेन अडलं,
आजची घालू की उद्याची?
तिनं मूठ उघडली खळग्यावर.
मी मोजले. सवय आहे.
दोन रुपये जास्त होते,
काचेखालून परत सरकवले.