पारंपरिक पोशाखात यावे

पत्रक तीन भाषांत निघालं.
चौथीत ते मी तोंडी सांगितलं, फोनवरून, सत्तावीस घरांना:
रविवारी अकरा वाजता, क्वाई चुंगचं समाजभवन,
वांशिक सलोखा दिन.
अल्पोपाहार मिळेल.
कृपया पारंपरिक पोशाखात यावे.

मी दुभाषी. सरकारी अनुदानातून पगार.
दवाखान्यात डॉक्टरच्या वतीनं म्हणते, "मला गाठ दिसतेय,"
आणि त्याच दमात बाईच्या वतीनं, "मी मरणार का?"
नियमच आहे तसा, दोघांचंही 'मी' माझ्या तोंडी.
संध्याकाळी बसमध्ये आठवावं लागतं
माझं स्वतःचं कुठे ठेवलं होतं,
छत्री विसरल्यासारखं.

हाँगकाँगच्या भाषेत घेणं आणि विकणं जवळजवळ एकच शब्द.
घेताना सूर चढतो, विकताना सपाट राहतो.
झर्का आपानं पहिल्या वर्षी भाजीवालीला सांगितलं,
"मला कांदे विकायचेत,"
आणि भाजीवालीनं तिची पिशवी उघडून पाहिली म्हणे.
आता दोघी सुनांची उणीदुणी काढत
तासभर उभ्या असतात, माझ्याशिवाय.
हे कुठल्याच अहवालात नाही.
त्यावर खर्च झाला नव्हता.

रविवारी आपा आली जरीच्या कुडत्यात.
विदार्ती केबाया नेसून,
आठवड्याची तिची एकुलती एक सुट्टी इथं खर्चून.
घले दाजू उशिरा, रात्रपाळीवरून थेट:
पिवळं हेल्मेट, चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट,
बुटांवर सुकलेला सिमेंट.

जिल्हा कार्यालयाच्या यिप बाई वाईट नाहीत.
ह्या चहासाठी त्यांनी तीन महिने
वरच्या मजल्यावर खेटे घातले, मला ठाऊक आहे.
पण अहवालाला फोटो लागतो.
त्या म्हणाल्या, म्हणजे मी म्हणाले,
"मी तुम्हाला पोशाखाचं कळवलं होतं ना?"

दाजू म्हणाला, म्हणजे मीच म्हणाले,
"हाच तो.
बापानं फौजेचा हिरवा घातला, इथल्याच सरहद्दीवर.
मी एकवीस वर्षं हा घालतोय.
तुम्ही ज्या गाडीनं आलात, तिचा बोगदा ह्याच कपड्यांत खणलाय.
बाई, तुमचा पारंपरिक कुठला?"

चहाच्या भांड्याचं झाकण तेवढं थडथडत होतं.
यिप बाईंनी खाली पाहिलं:
करडा कोट, गळ्यात ओळखपत्राची दोरी.
"माझी आई," त्या म्हणाल्या,
"प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात होती. पलीकडच्याच गल्लीत.
निळा ॲप्रन. बोटं कायम रंगलेली."
त्या माझ्याकडे बघून बोलल्या,
दाजूकडे नाही.
तरी मी सवयीनं नेपाळीत म्हटलं, मेरी आमा,
आणि पुढचे दोन शब्द
मला सापडेचनात.

फोटो निघाला. दाजू टोकाला, हेल्मेट अर्धं कापलेलं.
उपस्थिती: अठ्ठेचाळीस.
समोसे उरले नाहीत.

सोमवारी दाजूचा फोन.
खोली बघायला गेला तर घरमालकानं दारातूनच सांगितलं,
कालच गेली.
पाटी अजून तिथंच होती.
मी नंबर लावला.
मी इथलीच, ह्याच शाळांतली, माझा सूर चुकत नाही.
"खोली आहे का?"
"आहे ना! केव्हा येता बघायला?"
चढता सूर, अगदी गोड, वर गेलेला.

"आज," मी म्हटलं.
"मी घले. सकाळी येऊन गेलो."

पलीकडे सूर सपाट झाला.
मी फोन ठेवला नाही.