मंगळवारची बोट

सांतोरिनीला मी सहा महिने खोल्या झाडते.
एप्रिल ते सप्टेंबर. चौदा खोल्या, अठ्ठावीस उशा,
आणि गच्चीवर रोज संध्याकाळी
सूर्य बुडताना बघायला लोटलेली जत्रा.
सूर्य कुणालाच दिसत नाही.
दिसतात पुढच्याचे वर केलेले हात
आणि हातांतल्या काचांवर
शेकडो बारके बारके सूर्य.
मावळला की टाळ्या वाजवतात.
कुणासाठी, ते मला अजून उमगलेलं नाही.

नऊ नंबरच्या बाई टाळ्या वाजवत नव्हत्या.
राग्नहिल्ड. नॉर्वेच्या. सत्तरीच्या आसपास.
गर्दीत अंगठा चिरडून घेऊन
जिन्यात बसल्या होत्या, चप्पल हातात.
मी बर्फ आणून दिला.
म्हणाल्या, "जन्मभर पैसे साठवले ते या जिन्यासाठी?"
मग हळूच, उसनं मागावं तसं विचारलं,
"तुम्ही लोक कुठं जाता हो, सुट्टीला?"

आम्ही कुठं जाणार. आम्ही घरी जातो.
एवढंच म्हणायचं होतं,
आणि तोंडून नाव निसटलं.
माझ्या बेटाचं.
नकाशावर ते नेमकं घडीत येतं,
कागद विरला तसं तेही विरलं.

"मोठ्या बोटीनं नको. मंगळवारची छोटी घ्या,
तिसऱ्या धक्क्याला उतरा.
हॉटेल नाही. दुकान आहे,
ते कधी उघडं असेल ते दुकानालाच ठाऊक.
माझे वडील जाळं सांधत बसलेले असतील, अनार्गिरोस.
सांगा, द्रोसुलानं पाठवलंय."

त्या गेल्या.
बाबांनी माझी खोली उघडून दिली,
रात्रभर भट्टीत मुरलेले हरभरे वाढले,
तिसऱ्या दिवशी जाळ्याची गाठ शिकवली.
नऊ दिवस राहिल्या.
बाबा फोनवर म्हणाले,
"बाई चांगली आहे. गाठी मात्र ढिल्या मारते."

पुढच्या उन्हाळ्यात चौघी आल्या.
त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तेवीस जण.
कुणी काही वाईट केलं नाही, हे मुद्दाम सांगते.
उलट शाळेत तीनच पोरं उरली होती,
तर अथेन्सला गेलेला झिसिमोस बायको-मुलांसकट परतला,
आजोबांच्या दोन खोल्यांना चुना काढला,
पोरं पाच झाली, मास्तरीणबाईंची बदली टळली.
पण ऑगस्टात टाकी तळाला गेली.
आणि कल्लिरोई काकू,
जिच्या दाराची कडी गंजून जागीच चिकटली होती,
तिनं कुलूप मागवलं.
मंगळवारच्याच बोटीनं.

मी हिशेब मांडून बघते. जुळत नाही.
एका पारड्यात दोन पोरं, दुसऱ्यात एक कुलूप.
बाबांना विचारलं, मी चुकले का?
ते सुईत दोरा ओवत होते. बराच वेळ ओवत होते.
"मासा कुठं लागतो हे दुसऱ्याला सांगणारा कोळी
एक तर मूर्ख, नाही तर म्हातारा.
मी सांगतो, कारण मी म्हातारा झालोय.
तुझं तू बघ."

काल बारा नंबरच्या पोरानं अडवलं.
नवं लग्न, नाक उन्हानं सोललेलं.
"इथं नाही, दुसरं कुठंतरी सांगा ना.
जिथं कुणी जात नाही असं."
माझ्या हातात चादर होती.
तीन कोपरे बसवून झाले तोवर
नाव जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलेलं,
धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्या माणसासारखं.

"किती दिवस आहात?" मी विचारलं.
"उद्या दुपारपर्यंत."

चौथा कोपरा खोचला.
"सूर्य आज साडेआठला बुडेल," म्हटलं,
"लवकर जा. जागा धरा."