दोन पट्ट्या, आठ-आठच्या

एमजी रोडवरच्या दुकानदाराने खोकं काउंटरवर सरकवलं,
"बत्तीसशेचा किट आहे ताई, डोळे मिटून लावा."
मी डोळे मिटून काही लावत नाही.
बघण्याचेच पैसे घेते.

गिऱ्हाईक पंचवटीतलं. सरदार चौकातून आत,
दुसऱ्या मजल्यावर त्र्यंबकगुरुजींचं कपाट,
कपाटात लाल बासनात बांधलेल्या वह्या,
आणि कपाटाला टेकून एक डेस्कटॉप,
चार जीबीवर सहा वर्षं धापा टाकणारा.
रॅम आणि राम हा विनोद
जिना चढेपर्यंत तिघांनी केला.

बाजूचं झाकण काढलं. आत धूळ, उदबत्तीची राख,
पंख्याच्या पात्यात एक अक्षता.
ती चिमट्याने उचलून गुरुजींच्या हातात दिली.
जुनी पट्टी उपसली. नव्या दोन
दुसऱ्या आणि चौथ्या खणात.
खट्. खट्.

तपासणी तशी साधी असते.
एकेका घरात काहीतरी ठेवायचं,
जरा थांबून मागायचं.
शून्य ठेव, शून्य माग. एक ठेव, एक माग.
मग शेजारच्या घराला धक्का देऊन
पुन्हा माग.
"आम्हालाही असंच घोकून घ्यायचे," गुरुजी म्हणाले,
"सुलट, उलट, मध्येच कुठूनही."
खिडकीतून वाकून बघत म्हणाले,
"धरणातून सोडलंय. मारुतीच्या गुडघ्याला लागलं."
आणि खालच्या खणातल्या वह्या
न बोलता वरच्या खणात ठेवायला लागले.

तिसऱ्या फेरीत, पावणेदहाला, एक लाल ओळ.
एकच.
ठेवलं होतं एक, परत आलं शून्य.

दुकानदार फोनवर हसला, "अहो, अब्जावधीत एक!
कुणाला कळणारे?"
तेच तर.

पहिली एकटी लावली, पास.
दुसरी एकटी, तीही पास.
एकेकटी शहाणी; दोघी मिळून घाईत चुकतात.
मग वेग उतरवला, एकोणतीसशे तेहेतीस,
आणि मशीन रात्रभर चालू ठेवून घरी गेले.

सकाळी सात. चार फेऱ्या, चुका शून्य.
गुरुजींना सांगितलं : खोक्यावरचा आकडा खोटा नाही,
या बोर्डावर खरा नाही, एवढंच.
परत करा, नाहीतर हळू चालवा.
"हळूच चालवू," ते म्हणाले. "आमचे यजमान
वीस वर्षांनी एकदा येतात."

चहा होईपर्यंत विचारलं, गाव कोणतं?
नैताळे. बोरगुडे.
स्कॅन केलेलं पान आता झटकन उघडलं.
शके अठराशे त्रेपन्न. माझा खापरपणजा,
बापाच्या अस्थी घेऊन आलेला.
खाली चार मुलगे, नावानिशी,
आणि त्याच शाईत : कन्या २.

"आता मुलींची नावं विचारून घालतो," गुरुजी म्हणाले.
"तो कॉलम वाढवला
आणि तेव्हापासून मशीन जड झालं बघा."

एका कॉलमने रॅम भरत नाही.
भरते ती स्कॅनच्या अवाढव्य चित्रांनी,
आणि सतरा टॅब उघडे ठेवणाऱ्या त्यांच्या नातवाने.
मी बोलले नाही.
बिलावर मजुरी साडेतीनशे लिहिली.

"तुमचं नाव?"
सांगितलं. आत्याचंही सांगितलं.
एका बोटाने, चष्मा कपाळावर ढकलून, ते टाइप करत होते.
मी सवयीने मेमरीचा आलेख उघडून बघत होते.
रेघ जागची हलली नाही.